परतीची पिशवी

*‘एकाच दिवसाचा तर ट्रेक आहे, संध्याकाळी घरी!’ असं म्हणत आपण पाण्याची एक बाटली आणि फुल चार्ज मोबाइल घेऊन निघतो. गडबड नेमकी तिथंच होते.*

आमच्या जांब समर्थमध्ये लग्नाला गेलात तर एक गंमत बघायला मिळेल. भटजींनी ‘शुभमंगल सावधान’ म्हटलं की मांडवात मागं बसलेलं कुणीतरी हमखास ओरडतं, “नवरदेवाला धरा रे!” सगळे हसतात. कारण घनसावंगी तालुक्यातल्या याच गावात १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. बारा वर्षांचा नारायण शेजारच्या आसनगावात बोहल्यावर उभा होता, ‘सावधान’ शब्द कानावर पडला आणि तो मांडवातून पळाला, तो थेट नाशिकला पंचवटीत पोहोचला, ही गोष्ट आमच्याकडं बालवाडीतल्या पोरालाही पाठ असते.

मीही ती गोष्ट ऐकतच मोठी झाले. तरीही ‘सावधान’ या शब्दाचा अर्थ मला कळला तो गेल्या ऑक्टोबरमध्ये, अंतूर किल्ल्याच्या वाटेवर, दुपारी सव्वातीन वाजता.

सात जण, सात लिटर

अंतूर हा कन्नड तालुक्यातला किल्ला. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, गौताळ्याच्या जंगलाच्या बाजूला. नागापूर गावातून कच्च्या रस्त्यानं पाच-सहा किलोमीटर पठारावरून चालायचं आणि मग किल्ला. कातळात खोदलेला खंदक, एकामागोमाग एक दरवाजे, वर मोठा तलाव. फोटो असे येतात की विचारू नका. आणि फोटोसाठीच तर आम्ही चाललो होतो.

आम्ही सात जण. सगळे छत्रपती संभाजीनगरला शिकणारे, बहुतेक हॉस्टेलवाले. ठरलं होतं सकाळी सहाला निघायचं. निघालो आठला. वाटेत पोहे झाले, चहा झाला, कुणाच्या तरी गाडीत पेट्रोल भरून झालं. नागापूरला पोहोचेपर्यंत अकरा वाजले. गाड्या गावात लावल्या आणि चालायला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं.

आमच्याकडं काय काय होतं ते सांगते. प्रत्येकाकडं पाण्याची एकेक लिटरची बाटली. चिप्सची सहा-सात पाकिटं. बिस्किटं. दोन गॉगल. एक ब्लूटूथ स्पीकर. माझ्या रूममेटच्या पायात आदल्याच दिवशी घेतलेले कोरे करकरीत बूट. टोपी फक्त दोघांकडं. बॅटरी, म्हणजे टॉर्च, कुणाकडंच नाही. ‘दिवसाचा तर ट्रेक आहे!’

किल्ल्यात पोहोचलो एक वाजता. दीड वाजता सगळ्यांचं पाणी संपलं. तलावात पाणी होतं, पण हिरवं. ते तसंच प्यायची कुणाची हिंमत होईना. अडीचला परत फिरलो. पठारावर सावली नावालाच. थोडं चालल्यावर माझी रूममेट बोलायची थांबली. आम्हाला वाटलं, दमली असेल. मग ती म्हणाली, डोकं फुटायलंय. मग तिला उलटी झाली. पोटरीत गोळे आले आणि ती एका खुरट्या झाडाखाली बसली ती उठेचना. टाचांना फोड आले होते ते वेगळंच.

मोबाइलला रेंज नव्हती. सात जणांच्या सात मोबाइलपैकी तिघांचे रील काढून काढून बंद पडलेले. आम्ही एकमेकांकडं बघत होतो. त्या क्षणी जी भीती वाटली, ती मी आजही विसरलेले नाही.

शेरडं चारणारे एक काका लांबून आमचा तमाशा बघत होते. ते आले. त्यांच्याकडं गोणपाट गुंडाळलेला पाण्याचा कॅन होता. त्यांनी आधी गोणपाट ओलं करून तिच्या मानेवर ठेवलं. मग घोट घोट पाणी पाजलं. खिशातल्या पुडीतून गुळाचा खडा आणि मीठ काढून दिलं. तासाभरानं ती उठली. दोघांच्या खांद्यावर हात टाकून पाय ओढत निघाली. सहा वाजून गेले, अंधार पडला, तेव्हा आम्ही अजून वाटेतच होतो. शेवटचा टप्पा एका मोबाइलच्या उजेडात काढला. त्याची बॅटरी सहा टक्के राहिलेली. गावातल्या एकानं त्याच्या पिकअपमधून दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. रात्री अकराला ती हसली आणि म्हणाली, “स्पीकर कुणाच्या बॅगेत होता रे?”

हे सगळं लिही, असं तिनंच मला सांगितलं. फक्त नाव घालू नको म्हणाली. तिच्या घरी अजून माहीत नाही.

आजीची पिशवी

दिवाळीत गावी गेले. आईला सांगायची सोय नव्हती, परत कुठं पाठवलंच नसतं. आजीला सांगितलं.

माझी आजी सत्तरी पार केलेली. कापूस वेचायला अजून जाते आणि आषाढीला दिंडीतही चालते. ट्रेकिंग हा शब्द तिला माहीत नाही. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, “जाताना तर कुणीबी जातंय बाई. येताना काय खाणार, काय पिणार, ते बघून निघावं.”

मग तिनं खुंटीवरची दिंडीची पिशवी काढून दाखवली. एक पातळ, एक मोठं फडकं. पावसात अंगावर घ्यायला मेणकापड. तांब्या. खोबरेल तेलाची छोटी बाटली. प्लास्टिकच्या पिशवीत गूळ, शेंगदाणे आणि मिठाची पुडी. एक छोटी बॅटरी. आणि कमरेच्या चंचीत घडी घातलेला कागद. त्यावर तिचं नाव, गाव आणि माझ्या बाबांचा मोबाइल नंबर. “कुठं पडले-झडले तर लोकांनी कुणाला सांगायचं?”

शेतातही तिचं असंच. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत काम उरकायचं. डोक्याला फडकं, हात झाकलेले. पाण्याची कळशी बांधावरच्या लिंबाखाली सावलीत, वर ओलं कापड. आणि ती कळशी कधीही पूर्ण रिकामी करायची नाही. घर येईपर्यंत त्यात दोन तांबे पाणी राहिलंच पाहिजे.

आम्ही इंटरनेटवर ‘बेस्ट ट्रेकिंग गिअर’ शोधत होतो आणि आमच्या घरात खुंटीला ते टांगलेलं होतं!

सिएटलची यादी, जांबची यादी

परत आल्यावर जरा वाचलं. अमेरिकेत सिएटलला ‘द माउंटेनीअर्स’ नावाची गिर्यारोहकांची जुनी संस्था आहे, १९०६ सालची. त्यांची ‘टेन एसेन्शियल्स’ म्हणजे दहा अत्यावश्यक वस्तूंची यादी जगभर प्रसिद्ध आहे. १९७४ मध्ये ती त्यांच्या गिर्यारोहणावरच्या पुस्तकात छापून आली. नकाशा, होकायंत्र, उन्हापासून बचाव, जास्तीचे कपडे, बॅटरी, प्रथमोपचार, काडेपेटी, विस्तव पेटवायचं साहित्य, चाकू, जास्तीचं खाणं. पुढं तिच्यात बदल झाले, पाणी आणि निवारा आले.

या यादीमागं प्रश्न फक्त दोनच आहेत. काही घडलं तर तुम्ही ते निभावू शकता का? आणि रात्र बाहेर काढायची वेळ आली तर धडधाकट राहाल का? बघा, दोन्ही प्रश्न परत येण्याचे आहेत. किल्ल्यावर पोहोचण्याबद्दल त्यात काहीच नाही. आजी आणि सिएटलवाले एकच बोलतायत.

म्हणून आता आमच्या ग्रुपमध्ये ट्रेकच्या बॅगेला ‘परतीची पिशवी’ म्हणतात. नवं काही विकत घ्यायची गरज नाही, कॉलेजची सॅक पुरते. तिच्यात काय भरायचं ते एकेक करून बघू.

पाणी : अर्धं संपलं की फिरा मागं

चढ-उताराच्या वाटेवर साधारण तासाला अर्धा लिटर पाणी लागतं असं धरा. कडक उन्हात त्याहून जास्त. आमचं चालणं सहा तासांचं होतं, म्हणजे माणशी तीन लिटर. सात जणांचे झाले एकवीस. आमच्याकडं होतं सात. हा हिशोब पाचवीतलं पोरगंही करेल, आम्ही केला नव्हता.

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. तीन किलो उचलायचे म्हटले की जिवावर येतं, हे खरं. पण ते ओझं वाटेत हलकंच होत जातं. पाणी तहान मारून साठवून ठेवायचं नाही, थोडं थोडं पीत राहायचं. नियम एकच. निम्मं पाणी संपलं की कुठंही असा, मागं फिरा. किल्ला समोर दिसत असला तरी.

किल्ल्यावरच्या टाक्यांवर विसंबू नका. मराठवाडा पर्जन्यछायेतला. सह्याद्रीत टाकी दिवाळीनंतरही भरलेली दिसतात. आपल्याकडं ती आटतात किंवा हिरवी होतात. त्या दिवशी काकांच्या कॅनमध्ये पाणी नसतं तर आमचं काय झालं असतं, याचा विचार मी शक्यतो करत नाही.

नुसतं पाणीही पुरत नाही. घामातून मीठ जातं. म्हणून ओआरएसची दोन पाकिटं सॅकमध्ये कायम असू द्या. एक पाकीट एक लिटर पाण्यात, पाकिटावर लिहिलंय तसंच. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

या साध्या पाण्यामागची गोष्ट मोठी आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपायला आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य माणसं वाचवली. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपल्या सॅकच्या कप्प्यात चुरगळून पडलेलं ते पाकीट एवढं मोलाचं आहे.

उन्हाचा त्रास ओळखा

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पायात गोळे, खूप घाम. एवढ्यावर असेल तर थांबा. सावली, ओलं कापड, घोट घोट ओआरएस. ‘चल ना, थोडंच राहिलंय’ असं म्हणून ओढत नेऊ नका. आम्ही तेच केलं होतं.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, कुठं आहोत ते त्याला कळेना, झोकांड्या जायला लागल्या, तर तो उष्माघात असू शकतो. तिथं मिनिटा-मिनिटाला किंमत आहे. कपडे सैल करा, अंग ओलं करा, वारा घाला आणि दवाखाना गाठायची सोय करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

ग्रुपमधला बडबड्या गप्प झाला की त्याला विचारायचं, ‘काय होतंय?’ दमलेला माणूस स्वतःहून सांगत नाही. सगळे पुढं चाललेले असताना ‘मला जमेना’ म्हणायची लाज वाटते. माझ्या रूममेटलाही वाटली होती. तिला पाऊण तास आधीपासून त्रास होत होता, हे आम्हाला दवाखान्यात कळलं.

खाणं : धपाटे बेस्ट

चिप्सनं तहान वाढते, पोट भरत नाही. आपल्याकडं धपाट्यांसारखं भारी ट्रेक फूड असताना चिप्स कशाला? धपाटे दिवसभर टिकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी. गूळ-शेंगदाणे, फुटाणे, खजूर खिशात, चालता चालता खाता येतील असे. आणि आमच्या जालन्याची मोसंबी! भौगोलिक मानांकन मिळालेलं फळ आहे ते. दोन मोसंब्या न्या, खाणं आणि पाणी दोन्ही झालं. सालं मात्र परत आणा, प्लास्टिकही परत आणा. त्यासाठी एक रिकामी पिशवी.

ठरलेल्या जेवणाखेरीज एका वेळचं खाणं जास्तीचं ठेवायचं आणि घरी पोहोचेपर्यंत ते उघडायचं नाही. आजीच्या कळशीतले दोन तांबे ते हेच.

पाय आणि कपडे

नवे बूट ट्रेकला कधीच घालू नका. आधी दोन आठवडे कॉलेजला घाला. महागडेच हवेत असं नाही, पण तळ खाचांचा हवा. तळ झिजलेले स्पोर्ट्स शूज मुरमावर दगा देतात. जाड मोजे, सोबत एक कोरडा जोड. टाच चुरचुरायला लागली की फोड यायच्या आधीच तिथं चिकटपट्टी लावायची. ‘खाली गेल्यावर बघू’ म्हटलं की फोड फुटलाच समजा. नखं आदल्या रात्री कापा, नाहीतर उतरताना अंगठे सोलवटतात.

जीन्स नको. उन्हात तापते, भिजली की जड होते, गुडघा वाकत नाही. सैल फुल पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी आणि एक मोठा रुमाल किंवा पंचा. पंचा म्हणजे जादू आहे. डोक्याला बांधा, ओला करून मानेवर ठेवा, मुरगळलेला हात गळ्यात अडकवा. पावसाळ्यात सह्याद्रीत जाणार असाल तर लवकर वाळणारे कपडे आणि सॅकच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी, म्हणजे सामान कोरडं राहतं. थंडीत एक स्वेटर किंवा जॅकेट असू द्या. डिसेंबरात सूर्य कलला की पठारावरचा वारा बोचतो.

बॅटरी, दिवसा सुद्धा

मोबाइलचा टॉर्च ही बॅटरी नाही. मोबाइल मदत मागायला लागतो, तो उजेडासाठी जाळायचा नसतो. छोटी हेडटॉर्च घेतली तर दोन्ही हात मोकळे राहतात. पटत नसेल तर देवगिरीला जाऊन या. तिथली ‘अंधारी’ म्हणजे कातळातला वळणावळणाचा अंधारा रस्ता, शत्रूला चकवण्यासाठीच केलेला. भर दुपारी दोन वाजता तिथं तुमचाच हात तुम्हाला दिसत नाही. वटवाघळं वेगळी.

आणि एक शिट्टी. शाळेच्या खेळातली चालते. ओरडून घसा बसतो, शिट्टी लांबवर जाते. थांबून थांबून तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी, अशी खूण बऱ्याच ठिकाणी चालते.

विंचू, साप, मधमाश्या

भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावात जन्मलेले एक डॉक्टर जगप्रसिद्ध आहेत, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? डॉ. हिंमतराव बावस्कर. आपल्याच जालना जिल्ह्यातलं खेडं ते. कोकणात महाडला राहून त्यांनी लाल विंचवाच्या दंशावर संशोधन केलं. त्या दंशात विष हृदयावर परिणाम करतं आणि प्राझोसिन हे औषध वेळेत दिलं तर जीव वाचतो, हे त्यांनी दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्यासाठी यातला धडा सोपा आहे. तटबंदीच्या दगडांच्या फटीत हात घालू नका, बसण्याआधी दगड बघा, काढलेले बूट झटकून घाला. विंचू चावला तर मंत्र-तंत्रात वेळ घालवायचा नाही, दवाखाना गाठायचा. साप चावला तरी तेच. अंगठी-बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. करकचून बांधणं, चिरा देणं, विष चोखणं हे सगळं सिनेमात ठीक आहे.

मधमाश्यांची पोळी किल्ल्यांच्या कमानींखाली आणि कड्यांवर असतातच. भडक परफ्युम नको, धूर नको, दगड तर अजिबात नको. आणि हो, तो स्पीकर घरीच ठेवा. ज्यांचं घर आहे त्यांना राहू द्या शांत.

प्रथमोपचाराच्या डबीत चिकटपट्टी, बँडेज, अँटिसेप्टिक, ओआरएस आणि ज्याची त्याची रोजची औषधं. कुणाला दमा असेल तर पंप. आणि तो कुठल्या कप्प्यात आहे हे दुसऱ्या कुणाला तरी माहीत हवं.

मुलींसाठी चार ओळी

हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. लघवीला जायला लागू नये म्हणून आपण पाणी पीत नाही. कॉलेजला करतो तेच ट्रेकला करतो. ते धोक्याचं आहे. माझ्या रूममेटनं सकाळपासून मुद्दाम कमी पाणी प्यायलं होतं. ग्रुपनं मोकळेपणानं ‘इथं पाच मिनिटं थांबू’ म्हणायला शिकावं, मुलांनीसुद्धा. सॅकमध्ये पॅड, कागद, सॅनिटायझर आणि वापरलेलं परत आणायला काळी पिशवी. तारीख जवळ असो-नसो.

कुणाला तरी सांगून जा

आजीच्या चंचीतला तो कागद आठवतोय ना? कुठं चाललोय, कुठल्या वाटेनं, कोण कोण आहे, किती वाजेपर्यंत परत येणार, एवढं घरी किंवा हॉस्टेलवर कुणाला तरी लिहून द्या. ‘आठपर्यंत फोन आला नाही तर शोधायला लागा’ हे स्पष्ट सांगा. घरच्यांपासून लपवून गेलात तर तुम्ही हरवलात हेच कुणाला कळणार नाही.

नकाशा आधीच ऑफलाइन डाउनलोड करा. रेंज नसेल तिथं मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. पॉवर बँक एकाकडं तरी हवीच. कॉल लागत नसेल तर मेसेज करून बघा, कमी रेंजमध्येही तो कधी कधी जातो. ११२ आणि १०८ हे दोन नंबर पाठ हवेत. वाटेवरच्या गावात चहा घ्या, चार माणसांशी बोला, वाट विचारा. अडचणीत धावून येणारी पहिली माणसं गावातलीच असतात.

अंतूरच्या वाटेवर निजामशाहीच्या काळातला एक दगडी खांब आहे. त्याच्या बाजूंवर कुठली वाट कुठल्या गावाला जाते ते फारसीत कोरलंय. चारशे वर्षांपूर्वीही लोक या पठारावर वाट चुकत असणार, म्हणून तर कुणीतरी तो उभा केला. पहिल्या वेळी आम्ही त्याला टेकून फोटो काढले. तो कशासाठी आहे हे नंतर वाचलं.

आभाळाकडं बघा

जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला आणि फॉरवर्डही केला. डोंगरात पाऊस वर पडतो आणि पाणी खाली अचानक वाढतं. ओढा ओलांडून जाणार असाल तर येताना तोच ओढा कसा असेल, याचा विचार आधी करा.

आपल्याकडं परतीच्या पावसात विजाही फार. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास कुठं वीज पडतेय ते दाखवतं. गडगडाट ऐकू आला की माथा आणि उघडं पठार सोडायचं. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही.

पुन्हा अंतूर

जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. तेच सात जण, तीच वाट. रूममेट सगळ्यात आधी तयार होती, म्हणाली, “माझं राहिलंय तिथं काहीतरी.” त्याआधी दोन रविवार भरलेल्या सॅक घेऊन सरावाला चाललो. अंबडच्या मत्स्योदरी देवीची टेकडी चढलो-उतरलो, कुणाच्या खांद्याला पट्टा काचतो, कुणाचा बूट चावतो ते तिथंच कळलं.

या वेळी पहाटे पाचला निघालो. ठरवलं होतं, बाराला जिथं असू तिथून मागं. साडेनऊला किल्ल्यात होतो. धपाटे खाल्ले, दरवाजे नीट बघितले, तलावाकाठी बसलो. तलावाच्या पलीकडचा भाग बघायचा राहून गेला आणि बारा वाजले. एक जण म्हणाला, “अर्धाच तास, काय होतंय?” सगळ्यांनी रूममेटकडं बघितलं. तिनं सॅक पाठीला लावली होती.

दोनच्या आधी गावात पोहोचलो. त्या काकांना शोधलं. त्यांच्यासाठी मोसंबीची पिशवी आणली होती. ते शेरडं घेऊन दुसऱ्या अंगाला गेले होते. पिशवी त्यांच्या घरी दिली. काकू म्हणाल्या, “तुम्हीच का त्या, पाणी न घेता आलेल्या?” गावात आमची हीच ओळख झालीय.

गाडीपाशी रूममेटनं सॅक उघडली. एक लिटरची बाटली तशीच होती, सील न तोडलेली. मी म्हटलं, “फुकट ओझं वाहिलंस की.” ती म्हणाली, “नाही गं. याच बाटलीच्या भरवशावर तर बाकीचं पाणी प्याले.”

समर्थ बोहल्यावरून पळाले तेव्हा त्यांच्याजवळ काही नव्हतं, असं आमच्याकडं सांगतात. त्यांना जांबला परत यायला चोवीस वर्षं लागली. आई वाट बघून बघून दृष्टी गमावून बसली होती. ते समर्थ होते. आपल्याला संध्याकाळी सहापर्यंत हॉस्टेलवर यायचंय आणि आईचा फोन आठला येतो.

निघण्याआधी एक नजर

• पाणी माणशी किमान तीन लिटर, ओआरएसची दोन पाकिटं
• धपाटे, गूळ-शेंगदाणे, मोसंबी, शिवाय एका वेळचं जास्तीचं खाणं
• टोपी, पंचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, ऋतूप्रमाणे जॅकेट किंवा रेनकोट
• वापरलेले बूट, मोज्यांचा जास्तीचा जोड
• हेडटॉर्च, शिट्टी
• प्रथमोपचाराची डबी, स्वतःची औषधं, पॅड
• पॉवर बँक, ऑफलाइन नकाशा
• नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेला कागद
• कचऱ्यासाठी रिकामी पिशवी
• मागं फिरायची वेळ, सगळ्यांना पाठ